विश्लेषण : मागे ओढल्या जाणाऱ्या घराला आग लागते कशी?

नांदेडहून लातूरकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग विष्णुपुरीवरून पुढे लोहा, अहमदपूर असा जातो. दसरा उलटला की या रस्त्यावर एक वेगळीच वाहतूक दिसू लागते. पुढे ट्रॅक्टर, त्याच्यामागे एक किंवा दोन ट्रॉल्या आणि ट्रॉलीत अख्खा संसार : पत्र्याची पेटी, भांड्यांचं पोतं, गोधड्या, सरपण, एखादी शेळी, कोपऱ्यात गॅसची टाकी, वर ताडपत्री आणि या सगळ्यात बसलेली माणसं. लोहा, कंधार, मुखेडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या अशाच निघतात. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते, तेव्हाही भाविक, व्यापारी आणि जनावरं घेऊन येणारे लोक याच रस्त्याने चार-पाच दिवसांचा मुक्काम बरोबर घेऊन जातात.

गाडीच्या मागे जोडून ओढत नेलेल्या फिरत्या घराला परदेशात कॅरॅव्हॅन म्हणतात. तिकडे ती हौसेची वस्तू आहे. तिला आग लागू नये म्हणून काय करायचं, याचे कायदे आहेत, सुट्या भागांची मानकं आहेत, प्रवासाला निघण्याआधीच्या तपासणीच्या याद्या आहेत. आपल्याकडे हेच घर गरजेपोटी ओढलं जातं आणि कागदावर ते घर नसतंच. ती मालाची ट्रॉली असते. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून सुरू होतं.

बसची चर्चा झाली, ट्रॉलीची का नाही?

गेल्या काही वर्षांत रस्त्यावरच्या आगींनी महाराष्ट्राला हादरवलं, ते बसच्या निमित्ताने. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकमध्ये यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी बस ट्रकला धडकून पेटली आणि १२ जण गेले. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूर-पुणे बस उलटून पेटली, त्यात २५ जणांचा मृत्यू झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने राजस्थानात जैसलमेरजवळ आणि आंध्रात कर्नूलजवळ बस जळाल्या. प्रत्येक वेळी आपत्कालीन दरवाजे, स्लीपरची बांधणी, आग ओळखणारी यंत्रणा यांवर चर्चा झाली. बससाठी नियमही निघाले. २०२२ च्या सुरुवातीला केंद्राने लांब पल्ल्याच्या आणि शाळेच्या बसमध्ये प्रवासी बसतात त्या भागातही आगीची सूचना देणारी आणि संरक्षण करणारी यंत्रणा हवी, अशी तरतूद केली.

ट्रॉली यात कुठेच बसत नाही. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी बिगर-वाहतूक वाहन म्हणून होते. त्यामुळे ट्रक आणि बसला ठरावीक काळाने जो फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो, तो त्याला लागत नाही. ट्रॉलीत माणसं बसवणं हेच मुळात नियमबाह्य. मग तिथे बसलेल्यांच्या सुरक्षेचा नियम करणार कोण? जी गोष्ट घडतच नाही असं कायदा धरून चालतो, तिच्यासाठी तो अग्निशामक नळकांडं कुठे लावायचं ते सांगत नाही.

मदुराईचा डबा

ओढल्या जाणाऱ्या घरात स्वयंपाक केला तर काय होतं, याचं भारतातलं सगळ्यात बोलकं उदाहरण रस्त्यावरचं नसून रेल्वेचं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये लखनऊहून भाविकांचा एक गट खास आरक्षित केलेल्या डब्यातून दक्षिणेच्या तीर्थयात्रेला निघाला. हा डबा वेगवेगळ्या गाड्यांना जोडला जायचा, मुक्कामाच्या गावी सोडला जायचा आणि यात्रेकरू त्यातच राहायचे. म्हणजे रुळांवरची कॅरॅव्हॅनच. २६ ऑगस्टच्या पहाटे तो मदुराई स्थानकाच्या यार्डात उभा होता. आत लपवून आणलेल्या गॅसवर चहा ठेवला गेला आणि आग लागली. नऊ जणांचा मृत्यू झाला.

रेल्वेत गॅस सिलिंडर नेण्यावर कडक बंदी आहे आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे. तरीही टाकी आत गेली. हे निव्वळ बेफिकिरीचं उदाहरण मानणं सोपं आहे. मला ते अर्धवट वाटतं. आठ-दहा दिवस डब्यात राहणाऱ्या पन्नास-साठ माणसांना, त्यातल्या बऱ्याच वयस्करांना, पहाटे चहा लागणार हे आधीपासून ठाऊक असतं. तो कुठे करायचा याचं उत्तर कुणी दिलेलं नसेल तर लोक स्वतःचं उत्तर शोधतात. आपल्या यात्रांमध्ये आणि टोळ्यांमध्ये हेच रोज घडतं.

आणखी एक बाब इथे लक्षात येते. हा डबा पेटला तेव्हा चालत नव्हता. ओढल्या जाणाऱ्या घराला आग लागण्याच्या दोन वेळा असतात. एक, थांबल्यावर चूल पेटते तेव्हा. दुसरी, चालताना. कारणं बरीचशी सारखी असली तरी चालतानाची आग जास्त घातक असते, कारण तिला वारा मिळतो आणि ती उशिरा कळते.

गॅस खाली बसतो

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, साधारण दीड ते दोन पट. गळाला की तो धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि खोलगट जागा शोधतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं तरी एक ठिणगी पुरते.

आता ट्रॉलीकडे बघा. चारी बाजूंनी पत्रा, खाली पत्रा, वरून बांधलेली ताडपत्री. गॅसच्या दृष्टीने हा एक हौद आहे. परदेशी कॅरॅव्हॅनमध्ये जमिनीच्या पातळीवर मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, गळालेला गॅस तिथून खाली रस्त्यावर निघून जावा म्हणून. थंडी लागते म्हणून ती बुजवू नका, असं तिथल्या प्रत्येक माहितीपुस्तिकेत बजावलेलं असतं. टाकी राहण्याच्या जागेत ठेवतच नाहीत. तिच्यासाठी वेगळा कप्पा असतो, जो आतून बंद आणि बाहेरच्या बाजूने मोकळा असतो. आपल्या ट्रॉलीत मात्र टाकी चोरीला जाऊ नये आणि घरंगळू नये म्हणून गोधड्यांच्या मधोमध, तीही बहुतेक वेळा आडवी झोपवलेली असते.

आडव्या टाकीचा धोका फार लोकांना माहीत नसतो. टाकीत तळाला द्रवरूप गॅस असतो आणि वरच्या भागात वाफ. टाकी उभी असेल तर व्हॉल्व्हपाशी वाफ असते. आडवी केली की द्रव व्हॉल्व्हपर्यंत येतो. एक लिटर द्रव बाहेर पडला की त्याचा अंदाजे अडीचशे लिटर वायू होतो. म्हणजे तेवढ्याच फटीतून कितीतरी पट जास्त गळती. द्रवरूप होणाऱ्या वायूचे सिलिंडर उभेच ठेवावेत, असं सिलिंडरविषयक नियमही सांगतात.

रस्त्याच्या हादऱ्यांनी रेग्युलेटर सैल होतो, नळी शेगडीच्या तोंडावरून निसटते, पेटीच्या कडेला घासून तिला चीर पडते. घरात वर्षानुवर्षं एका जागी असलेली शेगडी आणि रोज खड्ड्यांतून जाणारी शेगडी यांची तुलनाच नको. म्हणून चाक हलण्याआधी नुसतं बटण बंद करून भागत नाही. रेग्युलेटर काढायचा, व्हॉल्व्हवर प्लास्टिकची टोपी दाबून बसवायची (टोपी दोरीने टाकीलाच बांधलेली असते, ती कापून टाकू नये), टाकी उभी करून ट्रॉलीच्या पुढच्या कोपऱ्यात ताडपत्रीच्या बाहेर दोन जागी आवळायची आणि सरपण तिच्यापासून लांब ठेवायचं. पुढचा कोपरा अशासाठी की ट्रॉलीला मागून धडक बसण्याचं प्रमाण मोठं आहे. मुक्कामी पोहोचल्यावर आधी ताडपत्री सगळीकडून उघडायची, दहा-पंधरा मिनिटं वारा खेळू द्यायचा, टाकी खाली जमिनीवर घ्यायची आणि मगच पेटवायची. गळती बघायची तर साबणाच्या फेसाने. काडी ओढून बघणारे अजूनही आहेत.

युरोपात तर चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये गॅस चालू ठेवायचा असेल तर अपघाताचा धक्का बसताच किंवा नळी तुटताच पुरवठा आपोआप तोडणारा व्हॉल्व्ह लागतो. तिथल्या बऱ्याच कॅरॅव्हॅनमध्ये फ्रिजसुद्धा गॅसवर चालतो, त्याच्या मागे बारीक ज्योत जळत असते. ती तशीच ठेवून पेट्रोल पंपावर शिरणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

ऊसतोडीच्या अनेक घरांत अजून गॅसपेक्षा चूलच जास्त पेटते. तिथला धोका राखेचा. सकाळी भाकरी झाल्या, चुलीतली अर्धवट जळकी लाकडं झटकून ट्रॉलीत टाकली, कारण पुढच्या मुक्कामी सरपण मिळेलच असं नाही. वरून थंड दिसणाऱ्या लाकडाच्या पोटात निखारा तासन् तास जिवंत राहतो. गाडी वीस-पंचवीसच्या वेगाने निघाली की त्याला फुंकणीसारखा वारा लागतो, आणि शेजारी असतात गोधड्या आणि जनावरांसाठी घेतलेलं वाढं. जळकं लाकूड पाण्यात बुडवूनच गाडीत चढवावं, एवढी साधी गोष्ट आहे.

चाकापासून सुरू होणारी आग

चालताना लागणाऱ्या आगीचा दुसरा उगम स्वयंपाकाच्या सामानात नसतो. तो चाकात असतो, आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

गाळप हंगाम संपला की ट्रॉली शेताच्या बांधावर किंवा वस्तीवर उभी राहते, ती थेट दसऱ्यापर्यंत. मधला पावसाळा ती उघड्यावर काढते. हबमध्ये पाणी शिरतं, ग्रीस धुऊन जातं किंवा सुकतं, बेअरिंगला गंज धरतो. नंतर एके दिवशी तीच ट्रॉली भरून शंभर-दोनशे किलोमीटरच्या प्रवासाला निघते. कोरडं बेअरिंग तापतं, उरलंसुरलं ग्रीस धूर सोडतं आणि ती उष्णता रिमपर्यंत, तिथून टायरपर्यंत जाते. टायरमध्ये हवा कमी असेल तर टायर स्वतःच तापतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजू दबते आणि फुगते, त्यातून आतल्या आत उष्णता साठते. जोडटायर असतील आणि त्यातला एक मऊ पडला असेल तर दोघांच्या बाजू एकमेकांना घासतात. माल जास्त असेल तर हे सगळं लवकर घडतं.

कॅरॅव्हॅनवाल्यांकडे यात आणखी एक नेहमीचं कारण आहे : हँडब्रेक पूर्ण न सोडता निघणं, किंवा ब्रेक चाकाला धरून राहणं. आपल्या अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात, त्यामुळे हा धोका कमी. याचं समाधान मानावं की नाही, हा प्रश्नच आहे.

टायरची आग विझवायला अवघड असते. पावडरच्या नळकांड्याने ज्वाळा बसतात, पण रबर आतून तापलेलं राहतं आणि थोड्या वेळाने पुन्हा पेट घेतं. त्याला भरपूर पाणीच लागतं. म्हणून ती लागण्याआधी ओळखणं हाच मार्ग. निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरवर थांबायचं, नंतर प्रत्येक थांब्यावर. हाताची मागची बाजू प्रत्येक हबजवळ न्यायची, चिकटवायची नाही. सगळी चाकं थोडी कोमट असतात. एखादं इतरांपेक्षा स्पष्ट जास्त गरम लागलं तर त्याचं बेअरिंग गेलं आहे किंवा जाणार आहे. यासाठी लांबून तापमान मोजणारी बंदूकही मिळते, पण कोरोनात घेतलेली ताप बघायची बंदूक इथे उपयोगाची नाही, ती माणसाच्या अंगाच्या तापमानाच्या फार वर जातच नाही. गॅरेजवाले वापरतात ती वेगळी.

विजेच्या तारांचं तसंच. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांना, आत लावलेल्या बल्बला, मोबाइल चार्ज करायला वायर ओढलेली असते. जोड पिळून त्यावर टेप. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण वायरीचं आवरण पत्र्याच्या कडेवर कापलं गेलं आणि तांबं पत्र्याला टेकलं, तर बॅटरी त्या क्षणी शेकडो अँपिअरचा प्रवाह सोडू शकते. वायर लाल होते आणि भोवतीचं पेटतं. बॅटरीच्या जवळ एक योग्य क्षमतेचा फ्यूज हा यावरचा उपाय आहे आणि तो फार स्वस्त आहे.

डोक्यावरच्या तारेबद्दलही सांगायला हवं, कारण मराठवाड्यात गाडी पेटल्याची सर्वांत जास्त वाचनात येणारी बातमी तीच असते : विजेच्या तारेला स्पर्श होऊन कडब्याची गाडी खाक. रस्ता ओलांडणारी अकरा हजार व्होल्टची तार जमिनीपासून किमान ६.१ मीटर आणि घरगुती दाबाची ५.८ मीटर उंच असावी, असा नियम आहे. मालवाहू गाडीची कायदेशीर उंची चार मीटरच्या आसपास. कागदावर मधे दीड-दोन मीटर मोकळी जागा उरते. प्रत्यक्षात उन्हाने तार लोंबते, रस्त्यावर डांबराचे थर चढून तो उंच होतो, खांब कलतात, आणि कडबा तर नियम वाचून रचला जात नाही. वर माणूस बसला असेल तर आगीआधी विजेचाच धोका. वाटेत लोंबती तार कुठे आहे हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं. ते महावितरणला कळवणं आणि नव्या चालकाला सांगणं ही दोन्ही कामं मात्र बऱ्याचदा राहून जातात.

पुढच्याला मागचं कळत नाही

२४ मार्च १९९९ रोजी फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या मॉन्ट ब्लाँ बोगद्यात मैदा आणि मार्गरीन घेऊन जाणारा ट्रक पेटला. चालकाला आगीचा पत्ता नव्हता. समोरून येणाऱ्या गाड्या दिवे मारून इशारा करू लागल्या, तेव्हा त्याने आरशात बघितलं तर धूर दिसला. तो थांबला, तोपर्यंत ट्रक बोगद्याच्या मध्यावर पोहोचला होता. आग ५३ तास जळत राहिली आणि ३९ जणांचे प्राण गेले. अनुभवी चालक, चांगला ट्रक, आरसे जागेवर, तरीही मागे काय चाललंय ते त्याला दुसऱ्यांकडून कळलं.

ट्रॅक्टरचा चालक त्याहून वाईट स्थितीत असतो. इंजिनाचा आवाज कानाशी, बऱ्याचदा त्यात गाण्याची भर, आरसा असला तर फक्त पहिल्या ट्रॉलीची कड दाखवणारा. दुसऱ्या ट्रॉलीच्या मागच्या चाकातून धूर निघाला तर तो दिसणार कुणाला? आत बसलेल्या बाईला किंवा मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला. ती ओरडली तरी पुढे ऐकू जात नाही.

पुढे चालवणारा आणि मागे बसलेले यांच्यातला हा तुटलेपणा नांदेडने आगीशिवायही भोगला आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी आलेगाव शिवारात शेतमजूर बायांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला आणि सात जणी बुडून गेल्या. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या त्या होत्या, हळदीच्या कामावर निघाल्या होत्या. तिथे आग नव्हती, पण ट्रॉलीत बसलेल्याच्या हातात काहीच नसतं, हे तिथेही तेच होतं.

गंमत म्हणजे हा प्रश्न जुन्या नियमकर्त्यांना सुचला होता. राज्यांच्या मोटार वाहन नियमांत ट्रेलरवर एक 'अटेंडंट' असावा, त्याला मागचा रस्ता दिसावा आणि तो चालकाशी संपर्क साधू शकावा, अशा अर्थाची तरतूद आढळते. ब्रेक हाताने दाबण्याच्या काळातली ती कल्पना पुढे विस्मरणात गेली. तिचा साधा अवतार आजही चालेल : ट्रॉलीतून चालकाच्या आसनापर्यंत जाणारी एक दोरी आणि तिला घंटा. मोबाइलवर विसंबू नये, कारण इंजिनाच्या आवाजात रिंग ऐकू येत नाही. चालकानेही टोळी निघण्याआधी मागच्यांशी ठरवून घ्यावं की घंटा वाजली की काही न विचारता गाडी कडेला घ्यायची.

बंदी घातली तर?

१ ऑक्टोबर २०२२ रोजी कानपूरजवळ घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणारी ट्रॅक्टर-ट्रॉली तळ्यात उलटली. २६ जण मृत्युमुखी पडले, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. त्यानंतर उत्तर प्रदेश सरकारने ट्रॉली फक्त शेती आणि मालासाठी वापरा, प्रवासासाठी नको, अशी मोहीम उघडली. अशी मागणी आपल्याकडेही होते. तत्त्वतः ती बरोबरच आहे. पण ऊसतोडीच्या कुटुंबाला मुकादमाकडून उचल मिळते, गाडीही तोच ठरवतो. कोयत्यापासून शेळीपर्यंत सगळं घेऊन फडापर्यंत पोहोचवणारी एसटी नाही. बंदी घालून ट्रॉली दिवसा दिसेनाशी होईल आणि रात्री निघेल, आणि रात्रीची ट्रॉली जास्त धोक्याची.

याच्या शेजारी राज्याचं २०२१ चं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण ठेवून बघण्यासारखं आहे. त्यात एका आसाची, दोन आसांची, घडीची, तंबूची अशी मागे ओढून न्यायच्या कॅरॅव्हॅनचे प्रकार आहेत, आणि त्या जिथे मुक्कामाला थांबतील त्या कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे : पाणी, वीज, स्वच्छतागृह, सांडपाण्याची सोय. पर्यटकाने गाडीत चूल पेटवू नये, मुक्कामाच्या जागी सोयीत राहावं, हे त्यातून आपोआप साधतं. मदुराईच्या डब्यातल्या लोकांना हीच गोष्ट हवी होती. लोहा, अहमदपूर, लातूर अशा वाटेवर बाजार समितीच्या आवारात हंगामापुरत्या चार शेड, नळ आणि वाऱ्यापासून आडोसा असलेले ओटे झाले, तर निम्मं काम होईल. यात्रेच्या काळात माळेगावला प्रशासन पाणी, वीज, दवाखाना अशा सोयी उभारतंच. त्यात चुलींची वेगळी रांग आखणं ही फार मोठी भर नाही.

पेटलीच तर

वेग वाढवू नका. गावापासून लांब न्यावी, तळ्यापर्यंत पोहोचावं म्हणून चालक ॲक्सिलरेटर दाबतात आणि वाऱ्याने काही मिनिटांत सगळं संपतं. गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं, आधी माणसं उतरवायची, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला लांब न्यायची. इथे ट्रॉलीचा मागचा फाळका महत्त्वाचा ठरतो. तो साखळीने आवळून कुलूप घातलेला असेल तर मुलांना आणि म्हाताऱ्यांना चार फुटी पत्रा ओलांडावा लागतो. तो आतून उघडता यायला हवा आणि ताडपत्रीची मागची गाठ एका ओढीत सुटणारी हवी. नुसता कडबा किंवा पाचट पेटली असेल आणि ट्रॉली हायड्रॉलिक असेल, तर माणसं उतरल्यावर माल जागीच ओतून ट्रॉली वाचवता येते. हूकची पिन काढून ट्रॅक्टर पुढे नेता आला तर उत्तम, पण पिनपर्यंत ज्वाळा आल्या असतील तर ट्रॅक्टरचा नाद सोडावा. आगीत टाकी असेल तर जवळ जाऊच नये.

पावडरची नळकांडी दोन हवीत : एक चालकाजवळ, दुसरं मागच्या ट्रॉलीच्या बाहेरच्या बाजूला. काटा हिरव्यात आहे का ते बघायचं. सोबत पाण्याचा भरलेला कॅन, टायरसाठी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, हळद नाही, टूथपेस्ट नाही, बर्फही नाही. मग १०८. या टापूतल्या गंभीर रुग्णाला बहुधा विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातच आणलं जातं. लोह्यापासून ते अंतर तीसेक किलोमीटर, तेव्हा पहिली वीस मिनिटं रस्त्याच्या कडेलाच जाणार, हे धरून चालावं.

हे कुणी करायचं?

एकेकट्या ट्रॉलीमालकाला यादी देऊन फारसं होत नाही. पण ऊस वाहतुकीचा करार साखर कारखाना करतो, आणि तो दर हंगामात गाडी डोळ्यांसमोर आणूनच होतो. गाळप सुरू होताना आरटीओ आणि पोलीस कारखान्याच्या गेटवर ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, त्याचे फोटो छापून येतात. मागून धडकून होणाऱ्या अपघातांवर आरडाओरड झाली, तेव्हा ही पद्धत पडली. त्याच रांगेत, त्याच दिवशी प्रत्येक चाक जॅकवर उचलून फिरवून बघता येतं, ग्रीस भरता येतं, वायरीला फ्यूज लावता येतो. टोळीच्या ट्रॉलीला तळाशी चार भोकं पाडून जाळी बसवायला वेल्डरला फार वेळ लागत नाही. विष्णुपुरीतच श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे. ट्रॉलीच्या तळात किती आणि केवढी भोकं पुरतील, टाकीचा बाहेरचा पिंजरा कसा असावा, हा शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी चांगला प्रकल्प होईल.

अडचण वेळेची आहे. टोळ्या गावातून निघतात त्या कारखान्याच्या गेटवरची ही रांग लागण्याआधी. संसाराने भरलेली ट्रॉली सगळ्यात लांबचा प्रवास तपासणीशिवायच करते, आणि गेटवर पोहोचते तेव्हा तिच्यात माणसं उरलेली नसतात. म्हणून ही तपासणी मुकादम उचल वाटतो त्या गावात, निघण्याच्या आठवड्यात व्हायला हवी. बेअरिंगचं ग्रीस, दोन फ्यूज, एक घंटा आणि दोन नळकांडी यांचा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा, मालकाच्या, मुकादमाच्या की कारखान्याच्या, हे करारात लिहिलेलं नसतं. ते आधी लिहून घ्यावं लागेल.